रिकाम्या घराचा दाखला

मंगळवार, २७ जानेवारी

प्रिय संचू,

माझं अक्षर पाकिटावर बघून तू घाबरशील, म्हणून पहिल्याच ओळीत सांगते, तुझी आई बरी आहे. काकीच्या हाताचं प्लास्टर गेल्या बुधवारी काढलं. बोटं अजून नीट मिटत नाहीत, पण तांदूळ धुते, चूल पेटवते, आणि कोणी मदतीला गेलं तर दारातूनच परत पाठवते. म्हणजे तशी पूर्वीसारखीच आहे.

फोनवर सांगायचं मी तीनदा ठरवलं. पण फोनवर तू 'जेवलंस?' विचारतेस, मी 'जेवलंय' म्हणते, आणि तिथून पुढे मला खरं बोलताच येत नाही. शिवाय तू मध्येच 'असांदे गो' म्हणून मला माफ करून टाकशील, आणि ते मला आत्ता नको आहे. सरपंच झाल्यापासून मी 'उपरोक्त विषयास अनुसरून' याशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा इकडचं तिकडे होईल. सांभाळून घे.

तुझ्या बाबांना आपण खुर्चीला बांबू बांधून खाली नेलं, तो दिवस तू विसरली नसशील. जीप देवळाकडे उभी, आणि वाडीपासून देवळापर्यंत नुसता चिखल आणि शेताचे बांध. चौघांनी खुर्ची उचललेली, तू बाजूने चालत होतीस आणि त्यांच्या पायांवर उडालेला चिखल ओढणीने पुसत होतीस. जीपपर्यंत पोचलो तेव्हा पुसण्यात अर्थ उरला नव्हता, तरी तू पुसतच राहिलीस. त्या दिवशी मी तुला म्हटलं होतं, या वाडीला रस्ता आणल्याशिवाय राहणार नाही. तेव्हा माझं लग्नसुद्धा व्हायचं होतं. पुढे सत्यवानशी लग्न झालं, सरपंचपद महिला राखीव झालं, त्याच्या भावकीने मला उभं केलं, आणि मी एकाच गोष्टीवर मतं मागितली, रस्ता. निवडून आल्यावर तीन वर्षं मी त्या रस्त्यासाठी किती उंबरे झिजवले ते आता सांगत नाही. दर वेळी 'पुढच्या आराखड्यात बघू' हे एकच उत्तर.

मग खाणीचे शेठ आले. तुमच्या घराच्या वरच्या अंगाला जो कातळाचा सडा आहे, जिथे आपण करवंदं काढायला जायचो, तो त्यांनी मूळ मालकांकडून घेतला होता. काळा दगड चांगला निघतो म्हणे. दगड फोडायचा, खाली क्रशर टाकायचा, खडी करायची. माणूस आवाज चढवून बोलणारा नाही. पंचायतीच्या बाकड्यावर बसून बिनसाखरेचा चहा प्याला आणि म्हणाला, "मॅडम, पहिली खडी तुमच्या रस्त्यावर पडेल. लेखी देतो." त्यांना पंचायतीची ना हरकत हवी होती.

ग्रामसभा लावली. पहिल्या दिवशी माणसंच आली नाहीत, गणपूर्ती झाली नाही, म्हणून तहकूब केली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हा नियम शेठना माझ्याआधी ठाऊक होता. आठवड्याने पुन्हा बसलो तेव्हा एकोणीस माणसं होती आणि त्यातल्या अकरा जणांना खाणीवर काम मिळायचं होतं. ठराव मीच वाचला. कोणी विरोध केला नाही. मी कोणाला फसवलं नाही, संचू, मलाही कोणी फसवलं नाही. सगळं नियमात झालं. मला आजही त्याचीच जास्त भीती वाटते.

आणि रस्ता झाला. गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी डांबर पडलं. तुला फोटो पाठवला होता, तू उलट तुझ्या रडण्याचा आवाज रेकॉर्ड करून पाठवलास. तो मी अजून ठेवलाय.

आता जे तुला माहीत नाही ते.

ठरावाने सगळं भागलं नव्हतं. परवान्याच्या कागदांत एक रकाना होता, सुरुंग लावायच्या जागेपासून दोनशे मीटरच्या आत वस्तीचं घर आहे का. तुमचं घर आहे. मी नंतर पावलांनी मोजलं, मागच्या पडवीपासून एकशे त्रेसष्ट पावलं. म्हणजे तिथे परवाना अडणार होता. अडला असता तर बरं झालं असतं, असं आज म्हणणं सोपं आहे.

मागच्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीनंतर, भात झोडून झालं होतं, तेव्हा एका दुपारी तुमचा मंगेश पंचायतीत आला. हातात टाइप केलेला कागद, आणि मागे काकी, नवं लुगडं नेसून, जणू देवळात आल्यासारखी. कागदावर लिहिलं होतं की सदर घर बंद असून वापरात नाही, त्यात कोणी राहत नाही. खाली सरपंचाच्या सहीची जागा. मंगेश म्हणाला, "ताये, दोन मिंटाचा काम आसा." मी काकीकडे बघितलं. मला वाटलं, तिला वाचता येत नाही, तिला सांगितलेलंच नसेल. म्हणून मी तो कागद तिला मोठ्याने वाचून दाखवला. पुरा. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "घाल गो सही. घर रिकामा म्हणान लिवल्यान काय मी मरतलंय? बारा वर्सां झील परमुलखात. आता दुपारचो जेवाक घराकडे येतलो. माका आणि काय व्हया?"

तुझ्या भावाची ती बारा वर्षं तुला ठाऊकच आहेत. आधी रेडीला डंपरवर, ते थांबलं तेव्हा गोव्यात, मग कुठे कारवारला. खाणीवर त्याला पोकलेन चालवायला मिळणार होता, घरापासून हाकेच्या अंतरावर. बाबा गेल्यापासून काकी एकटी जेवते. ती ताट वाढून आधी दारात जाऊन उभी राहते, कोणी येतंय का बघायला, हे मी किती वर्षं बघत आलेय. मी सही केली. ग्रामसेवकांनी शिक्का मारला आणि घरपट्टीच्या वहीत बाबांच्या नावापुढे 'बंद' असा शेरा घातला. पंचनाम्याला आलेले साहेब गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. त्यांना उतरायची गरज काय होती? माझा दाखला होता ना हातात.

खाण सुरू झाली. आधी सड्याच्या पलीकडच्या टोकाला होती, तेव्हा नुसता आवाज यायचा. मग सरकत सरकत अलीकडे आली. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी सुरुंग लावतात. बाळा लाल फडकं घेऊन रस्त्यावर उभा राहतो, शिट्टी वाजवतो. आपला बाळा गो, शाळेत तुझ्या मागे बसायचा तोच. सुरुंगाच्या आधी मंगेश काकीला मोटरसायकलवर बसवून माझ्याकडे आणून सोडतो. ती माझ्या ओट्यावर बसते, हात मांडीवर ठेवून. तिथून तुमच्या घराची कौलं दिसतात. चार धडाके होतात, धूळ उठते, खाली बसते, मग मंगेश येतो आणि तिला परत नेतो. पहिल्यांदा आली तेव्हा मी विचारलं, काकी, पाणी देऊ? तर हसून म्हणाली, "घर रिकामा करून इलंय बाये. तुझो कागद खोटो पडाक नको." ती गंमत करत होती. मी आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाही.

चवथीला तू आली असतीस तर सगळं तुझ्या डोळ्यांना दिसलं असतं. तुझ्या सलोनीला टायफॉइड झाला आणि तू येऊ शकली नाहीस. खरं लिहिते, तू येत नाहीस कळल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. गणपतीच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेलाय, मंगेशने त्यावर पताका लावल्या. विहिरीचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं येतं. काजूला मोहर धरतो आणि पांढरा होऊन गळतो.

पावसाळा सरल्यावर मी ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत गेले. तक्रार लिहून नेली, तड्यांचे फोटो, पाण्याची बाटली. एसटीतून उतरून कचेरीपर्यंत चालताना मी मनात वाक्यं जुळवत होते, प्रमाण मराठीतली. तिथले साहेब सज्जन निघाले, खोटं कशाला बोलू. बसायला सांगितलं, पाणी मागवलं. माझा अर्ज शांतपणे वाचला, मग फाईल मागवली आणि माझ्याच सहीचा कागद माझ्यासमोर ठेवला. "मॅडम, हा दाखला आपणच दिलाय ना? इथे घर बंद आहे. आज आपण म्हणताय घराला तडे गेले आणि राहणाऱ्या बाईला त्रास होतो. मी कुठली सरपंच खरी धरू?" मग त्यांनी हळू आवाजात सांगितलं, दाखला खोटा होता असं लिहून दिलंत तर परवाना तपासता येईल, पण मग खोटा दाखला दिल्याबद्दल तुमच्यावर कारवाई होईल, पद जाईल, कदाचित गुन्हाही. विचार करून या.

मी विचार करायला घरी आले. घरी सत्यवान. त्याचा टेम्पो खाणीवरच्या माणसांची ने-आण करतो, हे तुला सांगायचं राहिलंच. तो मला ओरडला नाही. भाजी निवडत होता, निवडतच राहिला. "तू गप रव. सही केलंस ती केलंस. बावीस माणसां कामाक आसत. आता वाकड्यात शिरा नको." तेव्हाच्या ग्रामसेवकांना फोन केला, त्यांची बदली झाली फोंडाघाटला. ते म्हणाले, मॅडम, मी फक्त शिक्का मारला. तेही खरंच. काकीकडे गेले तर ती म्हणाली, भिंत लिंपून घेऊ, तडे काय, माणसाच्या टाचांनाही जातात. जिकडे जावं तिकडे कोणीतरी आपलंच माणूस वाट अडवून उभं, आणि कोणाला बाजूला हो म्हणून सांगायचं तोंड मला नाही.

आता १२ डिसेंबर. हे लिहायचं मी गेले दोन दिवस टाळलं.

मंगेशने तुला फोन करून सांगितलं की आई विहिरीवर घसरली. ती घसरली नाही, संचू.

शुक्रवार होता. काकीला ताप होता, ती माजघरात खाटेवर पडून होती. क्रशरचा पट्टा तुटला म्हणून मंगेशला खाली बोलावलं होतं, त्याला तिला आणायला येता येईना. त्याने मला फोन केला. मी मालवणला बैठकीत होते. फोन थरथरला, त्याचं नाव दिसलं, आणि मला कळलं कशासाठी असणार. मला वाटलं, आजही? दर मंगळवार, दर शुक्रवार, ती म्हातारी माझ्या ओट्यावर बसणार आणि मी तिला बघायचं? मी फोन पालथा घातला. त्याने तीनदा केला. बैठक काही महत्त्वाची नव्हती. शौचालयांची यादी वाचत होते.

तिसऱ्यांदाही मी उचलला नाही, तेव्हा तो धरून चालला की मी तिला घेऊन जात असणार, म्हणून उचलत नाही. त्याला जमलं नाही तर मीच तिला न्यायचे, इतक्या महिन्यांत कधी चुकलं नव्हतं. बाळाने घराकडे बघितलं, दार लोटलेलं होतं. त्याने शिट्टी मारली. नारळाएवढा दगड कौलं फोडून आत आला. काकी तापात उठून बसली होती, म्हणून हातावर पडला. पडून राहिली असती तर डोक्याच्या जागी पडला असता. बाळाच तिला उचलून खाली घेऊन गेला. मी थेट दवाखान्यात पोचले. डॉक्टरीणबाई तरुण होती, तिने विचारलं, काय झालं आजींना? मंगेश भिंतीकडे बघत होता. बाळा पायाकडे. काकीने माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विनवणी होती, तुझी शपथ. मी सरपंच, माझा शब्द लिहून घेतला जाणार. मी म्हटलं, विहिरीवर घसरल्या. आणि बाईने तसं लिहिलं. माझ्या तोंडून निघालेला हा दुसरा खोटा दाखला.

त्यानंतर पाच आठवडे मी कशी जगले मला विचारू नकोस. जेवण जात होतं, सह्या करत होते. मग कळलं की शेठनी परवान्याची मुदत पाच वर्षांनी वाढवून मागितली आहे, आणि कागदांना जुनाच दाखला जोडला आहे. नवीन लागत नाही म्हणे, परिस्थितीत बदल नसेल तर.

१६ जानेवारीला सुनावणी होती. मी सत्यवानला न सांगता गेले. शेठ होते, त्यांचे वकील होते, मला बघून दोघांनी नमस्कार केला, त्यांना वाटलं पाठिंब्याला आलेय. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले आणि जुळवलेली वाक्यं सगळी विसरले. मालवणीतच बोलले. "साहेब, त्या घरात माणूस रवता. पयल्यापासून रवता. कागद मी खोटो दिलंय." मग ते लिहून दिलं, सही केली. दगड कौलातून आला तेही लिहिलं, दवाखान्यात मी काय सांगितलं तेही. शेठ बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, "मॅडम, रस्त्यावरून तुम्ही रोज जाता ना?" धमकी नव्हती ती. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं.

सुरुंग बंद आहेत. खाणीवर सामसूम आहे, बावीस माणसं घरी बसलीत, आणि ती मला रस्त्यात भेटतात. मला नोटीस आली आहे, पद राहील असं वाटत नाही. सत्यवान बोलतो, पण फक्त कामापुरतं. मंगेश गेल्या रविवारी परत गोव्याला गेला, आता तिथेच. जाताना माझ्या अंगणातून गेला, मान वर केली नाही. मी काकीला जेवण घेऊन गेले तर तिने दार उघडलं नाही. आतून म्हणाली, "माझो झील मी घराकडे हाडलेलो. तू तेका परत घालवलंस. तुझा जेवाण नको माका." डबा मी पायरीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तसाच होता.

आणि आता ज्यासाठी हे लिहायला बसले ते. सोमवारी, ९ फेब्रुवारीला, सकाळी अकरा वाजता मोजणीला माणसं येणार आहेत. अंतर मोजतील, आणि घरात कोणी राहतं का ते डोळ्यांनी बघतील. काल बाळाकडून कळलं की काकीने भांडी बांधून ठेवली आहेत. आदल्या दिवशी ती तुझ्या मावशीकडे कट्टा गावाला जाणार, दाराला कुलूप लावणार, चूल सारवून थंड करणार. कोणी विचारलं तर सांगणार की मी कधीच इथे राहत नव्हते, सरपंचबाईचं डोकं फिरलंय. म्हणजे खाण सुरू होईल आणि मंगेश परत येईल. तिला हे कोणी शिकवलेलं नाही, तिनेच ठरवलंय, आणि ती करणार. मी काही करू शकत नाही, कारण माझ्या शब्दाला आता दोन्हीकडे किंमत नाही. पण घर बाबांच्या नावावर आहे, आणि वारसात तुझं नाव लागतं. ते दार तुला उघडता येतं. तू उघडलंस तर मंगेश तुला कदाचित कधीच क्षमा करणार नाही आणि काकी काय बोलेल ते मला कल्पनेतही ऐकवत नाही. नाही आलीस तर मी तुला दोष देणार नाही, जिच्या आईला मी कागदावरून पुसलं तिला मी काय दोष देणार? आलीसच, तर शनिवारी रात्रीची गाडी धर, म्हणजे रविवारी, ती निघायच्या आत पोचशील. कुडाळला उतर आणि रिक्षा करून थेट घरी जा. मी न्यायला येणार नाही. आपल्या दोघींना एकत्र बघितलं तर ती तुलाही दार उघडणार नाही.

तुझीच,
नमू